पूर्ण संचाच्या विरोधात

आवडत्या संघाच्या खेळाडूंची चित्रे जमवण्याच्या छंदाबद्दल आज दोन मते प्रचलित आहेत आणि आम्हाला ती दोन्ही अमान्य आहेत. पहिले मत असे की हा निव्वळ पोरखेळ आहे. वय वाढले की तो आपोआप सुटतो आणि त्यावर लिहायचेच असेल तर दिवाळी अंकातल्या एखाद्या हळव्या लेखात लिहावे. दुसरे मत अलीकडचे आहे. त्यानुसार हा छंद म्हणजे गुंतवणूक असून जुनी कार्डे जपून ठेवणारा माणूस दूरदर्शी असतो, कारण उद्या त्यांना भाव येणार आहे. वरवर पाहता एक मत या छंदाला तुच्छ लेखते आणि दुसरे डोक्यावर घेते. पण दोन्ही मते मांडणाऱ्यांच्या नजरेतून एकच माणूस निसटतो. तो म्हणजे समोर बसलेला, हातात आपली चित्रे धरून 'तुझ्याकडे काय आहे ते दाखव' असे म्हणणारा दुसरा चाहता.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. चित्रे जमवण्यातली मोलाची गोष्ट चित्र ही नाही आणि संच पूर्ण होणे ही तर नाहीच. मोलाची आहे ती अदलाबदल. ज्या व्यवस्थेत दुसऱ्या चाहत्याचे तोंड न पाहता संच पुरा करता येतो, तिथे वस्तूंचा साठा वाढतो आणि छंद मात्र संपतो. हे आम्ही जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत वाढलेले आणि इथेच मराठी शिकवणारे प्राध्यापक म्हणून लिहीत आहोत. साहित्याच्या अभ्यासकांनी यात का पडावे, हा प्रश्न आम्हाला विचारला गेलेला आहे. त्याचेही उत्तर या लेखात द्यायचे आहे.

१

आम्ही ज्या काळाबद्दल बोलतो आहोत तो ऐंशीच्या दशकाची अखेर आणि नव्वदचे दशक. १९८७चा रिलायन्स कप भारत आणि पाकिस्तानात झाला. १९९२च्या विश्वचषकाचे सामने ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये होते, म्हणून पहाटे उठावे लागे. १९९६चा विल्स विश्वचषक पुन्हा आपल्याकडे आला. या वर्षांत 'बिग फन' नावाच्या बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची छोटी चित्रे मिळत. चित्रावर धावांचा किंवा बळींचा आकडा छापलेला असे. ठरावीक धावा आणि बळी जमले की ते देऊन एक चिमुकली पुस्तिका मिळे. तिची पाने अंगठ्याने भरभर सोडली की फलंदाज फटका मारताना दिसे. पुढे ट्रम्प कार्डे आली. त्यांवर सामने, धावा, सर्वोच्च धावसंख्या, बळी अशी आकडेवारी असे आणि तिच्या जोरावर एकमेकांची कार्डे जिंकायची असत. सचिन तेंडुलकर नव्या धावा करी तेव्हा त्याच्या जुन्या कार्डावरचा आकडा मागे पडे, आणि तो पेनने दुरुस्त करावा की नाही यावर वर्गात गंभीर वाद होत.

ज्या घरांत दूरचित्रवाणी संच नव्हता, त्या घरांतल्या मुलांना हे खेळाडू रेडिओवरच्या समालोचनातून ठाऊक होते. आवाज ओळखीचा आणि चेहरा अनोळखी अशी स्थिती होती. रिची रिचर्डसनची रुंद काठाची टोपी किंवा माल्कम मार्शलची शरीरयष्टी अनेकांनी प्रथम पाहिली ती दोन बोटांत मावणाऱ्या कागदावर. आजच्या विद्यार्थ्याला हे कळणे अवघड आहे. चित्र त्याच्यासाठी माहितीचा दुय्यम भाग आहे. त्या मुलांसाठी ते पहिले दर्शन होते.

जुन्नर, नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव या बाजाराच्या गावांत किराणा दुकानातल्या बरणीत बबलगम असे. पण दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग वेगळा आहे. नाणेघाटाच्या अंगाला, आहुप्याकडे, भीमाशंकरच्या रानाला लागून असलेल्या वाड्यांत दुकान लांब आणि रोख पैसा त्याहून लांब. हिरडा गोळा करून विकणे हे तिथल्या आदिवासी कुटुंबांचे रोख उत्पन्नाचे एक साधन. त्या भागातली मुले शिकायला खाली येत तेव्हा त्यांच्याकडे चित्रे नसत, करवंदे असत. बाजारगावच्या मुलांकडे चित्रे असत, गोट्या असत, पण रानातली करवंदे नसत. करवंदांच्या ओंजळीला कपिल देव मिळतो का, यावर पहिली बोलणी होत. बहुधा कपिल देव मिळत नसे. मदनलाल मिळे. पण मदनलाल हातात आला की तो मुलगा अदलाबदलीच्या वर्तुळात आलेला असे आणि आठवड्याभरात तो त्याच मदनलालवरून कुठे पोहोचेल याचा नेम नसे.

हे सारे निष्पाप होते असे आम्ही म्हणत नाही. मोठ्या वर्गातली मुले लहानांना फसवीत. एखादे चित्र दुर्मीळ असल्याची खोटी आवई उठवून त्याचा भाव चढवला जाई. मुलींना या वर्तुळात जवळपास प्रवेश नव्हता. बहिणीने आणलेल्या बबलगमचे चित्र भाऊ काढून घेई आणि त्याबद्दल कोणी काही बोलत नसे. यावर कोणी हळवा पडदा टाकू नये. तरीही या व्यवहाराची एक रीत होती आणि ती रीत समजून घेतल्याशिवाय आजच्या बाजारावरचा आमचा आक्षेप कळणार नाही.

२

या रीतीच्या केंद्रस्थानी एक शब्द होता: 'डबल'. एकच चित्र दोनदा निघाले की ते डबल. कंपनीच्या दृष्टीने डबल हा छपाईचा आणि वाटपाचा अटळ परिणाम. मुलाच्या दृष्टीने तो पहिल्या क्षणी अपेक्षाभंग आणि दुसऱ्या क्षणी भांडवल. जे माझ्याकडे जास्त आहे ते मला नको आहे, पण ते कोणाला तरी हवे असणार, या विचाराशी मूल स्वतःहून येऊन पोहोचते. त्याला आता शोधायचे असते ते चित्र नव्हे, माणूस. कोणाकडे काय आहे, कोणाला काय हवे आहे, कोण दिलेला शब्द पाळतो, कोण मधल्या सुट्टीनंतर फिरतो, याची सगळी माहिती डोक्यात ठेवावी लागते. वर्गातल्या पन्नास मुलांच्या आवडीनिवडीचा असा नकाशा शिक्षकाकडेही नसतो.

यातली दुसरी गोष्ट आवडत्या संघाची. सर्वांनाच भारतीय संघ हवा असेल तर अदलाबदल ठप्प होते. ती चालते मतभेदावर. त्या काळात प्रत्येक शाळेत वेस्ट इंडिजवर जीव असणारा एखादा मुलगा असे. त्याला गावसकर देऊन ग्रीनिज हवा असे. इतरांना तो वेडा वाटे आणि त्याच्यावाचून कोणाचे चालतही नसे. आवड वेगळी असणारा माणूस समाजाला उपयोगी असतो, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकाने शिकवले नाही. ते या मुलाने शिकवले. म्हणून आयपीएलबद्दल आमची तक्रार इतरांसारखी नाही. शहरांच्या नावांचे संघ करून खेळाची वाट लावली, असा सूर साहित्यिक वर्तुळात ऐकू येतो. चित्रे जमवण्यापुरते बोलायचे तर जुन्नरच्या एकाच वर्गात मुंबईचा एक आणि चेन्नईचा एक चाहता असणे ही उत्तम गोष्ट आहे. ते दोघे अदलाबदलीसाठी घडवल्यासारखे आहेत. त्यांची गाठच पडू दिली जात नाही, हा आमचा आक्षेप आहे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट नकाराची. 'नाही देत जा' हे वाक्य या व्यवहारात कोणीही कोणालाही म्हणू शकत असे. सावकाराचा मुलगा असो की सरपंचाचा, समोरच्याने मूठ मिटली की त्याला परत जावे लागे, अधिक चांगला देकार घेऊन यावे लागे, कधी विनवावे लागे. दांडगाई होई, पण ती दांडगाई आहे हे सर्वांना कळे आणि तशी ती बोलूनही दाखवली जाई. ज्या मुलाला शाळेत दुसऱ्या कोणत्याही बाबतीत नाही म्हणता येत नव्हते, त्याला इथे म्हणता येत होते.

३

इथे मराठी वाचक आम्हाला अडवेल आणि त्याने अडवावेच. पैशाविना चालणाऱ्या देवघेवीचे गोडवे गाणे मराठीत कोणाला परवडणार आहे? त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा'त बलुतेदारीचा सारा हिशेब मांडून ठेवला आहे. कोणी कोणते काम करायचे, त्याच्या बदल्यात खळ्यावर किती धान्य मिळायचे, हक्क कोणाचा आणि मान कोणाचा, हे सारे त्यात आहे. पुढे १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले. पवार अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. अकोले हा जुन्नरला उत्तरेकडून लागून असलेला तालुका. त्या पुस्तकानंतर 'पैशाविना देवघेव' हे शब्द मराठीत निरागसपणे उच्चारता येत नाहीत. युरोपातल्या अभ्यासकांना मार्सेल मोसच्या १९२५च्या निबंधापासून भेटवस्तूच्या अर्थव्यवहाराचे आकर्षण वाटत आले आहे. आपल्याकडच्या काही समीक्षकांनी ते आकर्षण जसेच्या तसे उचलले. आम्हाला ते उचलता येत नाही. ज्या समाजात अन्न मागून आणणे हे काहींचे जन्मसिद्ध कर्तव्य होते, तिथे पैशाचे नाणे हा मुक्तीचा एक मार्ग होता. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले ते वतनाच्या या बेडीविरुद्धच.

हा आक्षेप आम्ही पूर्णपणे मान्य करतो आणि तरीही आमची भूमिका सोडत नाही. कारण आम्ही ज्या अदलाबदलीबद्दल बोलतो ती बलुत्याची धाकटी बहीण नाही, तिची विरोधक आहे. बलुत्यात कोण काय देणार हे जन्माने ठरलेले असते आणि नाकारण्याचा अधिकार एकाच बाजूला असतो. चित्रांच्या अदलाबदलीत कोणाकडे काय असेल हे बरणीतून कोणते वेष्टन हाती लागते यावर ठरते आणि नाकारण्याचा अधिकार दोन्ही बाजूंना असतो. बलुत्यात संबंध कायमचा आणि असमान. इथे संबंध सौद्यापुरता आणि सौद्याच्या क्षणी तरी समान. करवंदे घेऊन आलेल्या मुलाला मदनलाल मिळाला तो कोणाच्या उपकारातून नव्हे. त्याने मागितले, समोरच्याने मोजले, दोघांनी मान डोलावली. गावगाड्याच्या अनुभवातून आलेल्या समाजाला अशा समान देवघेवीची सवय किती अपुरी आहे, हे ज्यांनी गावात दिवस काढले आहेत त्यांना सांगायला नको. म्हणूनच ती सवय जिथे लागत होती ती जागा आम्हाला जपावीशी वाटते.

आणि पैसा? मजुरीत, शेतमालात, पगारात पैसाच हवा. तिथे वस्तूंची देवघेव म्हणजे बहुधा लुबाडणूक. पण ज्या गोष्टीवर कोणाचे पोट अवलंबून नाही, जी केवळ आवडीची आहे, तिथे पैसा कोणाला मुक्त करतो? तो फक्त मुलांची रांग लावतो: ज्याच्याकडे आहेत तो पुढे, ज्याच्याकडे नाहीत तो मागे. करवंदांना तिथे जागा उरत नाही.

४

या छंदाचा उगम व्यापारात आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. इंग्लंडमधल्या विल्स या तंबाखू कंपनीने १८९६ साली पन्नास क्रिकेटपटूंच्या कार्डांचा संच काढला. सिगारेटचे पाकीट चेपू नये म्हणून त्यात पुठ्ठ्याचा तुकडा घालत. त्या तुकड्यावर चित्र छापले की गिऱ्हाईक पुन्हा येते, हे उत्पादकांच्या ध्यानात आले होते. बरोबर शंभर वर्षांनी, १९९६ साली, विश्वचषकाला नाव होते ते याच छापाचे. अमेरिकेत बेसबॉलची कार्डे आधी तंबाखूबरोबर आणि मग बबलगमबरोबर वाटली गेली. तेव्हा कोणी आम्हाला 'शुद्ध' छंदाची आठवण काढणारे समजू नये. कंपनीला गम खपवायचा होता. मुलांनी त्या व्यापाराच्या उरल्यासुरल्या कागदातून कंपनीच्या हिशेबात नसलेली गोष्ट उभी केली. आज नेमकी ती गोष्ट कंपन्यांच्या हिशेबात आली आहे आणि दुखणे तिथून सुरू होते.

अमेरिकेतले उदाहरण बोलके आहे. टॉप्स कंपनीची १९५२ची बेसबॉल कार्डे पुरती खपली नाहीत. उरलेल्या पेट्या १९६०च्या सुमारास होडीत भरून अटलांटिक समुद्रात बुडवल्या, अशी हकिगत ते काम करणारे साय बर्जर स्वतःच सांगत. त्याच संचातले मिकी मँटलचे एक कार्ड ऑगस्ट २०२२मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरांना विकले गेले. एका कार्डाला हा भाव येण्यात त्याची भावंडे समुद्राच्या तळाशी गेल्याचा मोठा वाटा आहे. मँटलच्या खेळाशी त्याचा संबंध असेलच तर तो थोडा. हे कार्ड आता कोणी कोणाला बदलून देणार नाही. ते जाड प्लास्टिकच्या पेटीत बंद असते, त्यावर दर्जाचा आकडा असतो आणि बोट लागले तर किंमत घटते. ज्या वस्तूचे सारे आयुष्य हाताळले जाण्यात होते ती हाताळली न गेल्याबद्दल मौल्यवान ठरते. करोनाच्या काळात ही हाव इतकी वाढली की मे २०२१मध्ये टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीला मारामारीच्या प्रकारानंतर आपल्या दुकानांतली कार्डांची विक्री थांबवावी लागली. मारामारी करणारी ही प्रौढ माणसे होती.

आपल्याकडे २०१०नंतर आयपीएलच्या खेळाडूंची कार्डे बंद पाकिटांत येऊ लागली. पाकिटात काय आहे हे फाडल्याशिवाय कळत नाही. काही कार्डे मुद्दाम कमी छापलेली, चकाकणारी, 'विशेष'. बबलगमच्या वेष्टनातही काय निघेल हे कळत नसे, असे कोणी म्हणेल. फरक असा की तिथे डबल निघाले तर उपाय शेजारच्या बाकावर होता आणि इथे उपाय म्हणून पुढचे पाकीट दाखवले जाते. अपेक्षाभंगातून मूल माणसाकडे वळत होते, ते आता दुकानाकडे वळवले जाते. ज्यांना तेवढाही धीर नाही त्यांच्यासाठी संपूर्ण संच थेट घरपोच मागवण्याची सोय आहे. वडिलांनी पैसे भरायचे आणि मुलाने अल्बम भरायचा. असा भरलेला अल्बम आम्ही पाहिला आहे. त्यात एकही रिकामी चौकट नव्हती आणि एकाही चित्राबद्दल त्या मुलाला काही सांगता येत नव्हते.

यानंतरची पायरी डिजिटल कार्डांची. २०२१ आणि २०२२ या वर्षांत क्रिकेटच्या क्षणांची डिजिटल कार्डे विकणाऱ्या कंपन्या आपल्याकडे उभ्या राहिल्या. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेपर्यंतच्या संस्थांनी त्यांच्याशी करार केले. 'जगात तुमच्यापाशीच असलेला क्षण' अशा थाटाची भाषा होती. पुढे अशा डिजिटल मालमत्तेचे भाव कोसळले आणि भाषा ओसरली. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, त्या वेळच्या चर्चेत तरुणांच्या बुडालेल्या पैशाचा मुद्दा वारंवार आला. पैसा बुडाला हे वाईटच. पण आम्हाला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. चाहत्याला दुसऱ्या चाहत्याशी न बोलता, फक्त भावाच्या आलेखाकडे पाहत आपला आवडता खेळाडू 'जमवता' येतो, ही कल्पना इतक्या सहज कशी स्वीकारली गेली? ती स्वीकारली गेली, कारण संच पूर्ण होणे म्हणजेच छंद, असे आपण आधीच मानून बसलो होतो.

५

आता आमच्या विषयाचे. काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात आमच्या एका विद्यार्थ्याने क्रिकेटच्या चित्रांच्या अदलाबदलीवर निबंध वाचायचे ठरवले. त्याने आपल्या आणि आसपासच्या गावांतल्या चाळिशीतल्या माणसांना भेटून त्यांच्या जुन्या डब्यांतली चित्रे पाहिली होती आणि प्रत्येक चित्र कोणाकडून, कशाच्या बदल्यात आले हे विचारून लिहून घेतले होते. निबंध नाकारला गेला. कारण दिले गेले ते एका वाक्याचे: यात साहित्य कुठे आहे?

साहित्य तिथेच होते. एक माणूस जुने चित्र हातात घेतो आणि सांगू लागतो की हा अझरुद्दीन मला अमक्याने दिला, त्याच्या बदल्यात मी त्याला चार गोट्या आणि एक मोरपीस दिले, मग तो सातवीत शाळा सोडून मुंबईला हमालीला गेला, मग त्याची भेट झाली नाही. हे कथन नसेल तर कथन म्हणजे काय? त्यात दोन पात्रे आहेत, काळ आहे, वस्तू आहे, हानी आहे आणि सांगणाऱ्याला ती हानी आपली वाटते आहे. आमच्या विभागांत कथनमीमांसेचे परदेशी सिद्धान्त पाठ करून घेतले जातात. मात्र शिरोली किंवा बेल्ह्यातल्या माणसाने सांगितलेले हे कथन अभ्यासाला 'घेता येत नाही'. ज्या भाषेतल्या एका मोठ्या कादंबरीकाराने २०१०मध्ये आलेल्या आपल्या कादंबरीच्या नावातच जगण्याला समृद्ध अडगळ म्हटले, त्या भाषेचे प्राध्यापक प्रत्यक्ष अडगळ समोर आली की नाक मुरडतात. पुस्तकातली अडगळ त्यांना चालते, कारण ती परीक्षेला येते.

या तुच्छतेची किंमत मोठी असते. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याचे नाव पडले ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. घरे, बाजार, वाटा गेल्या. तालुक्याचे कामकाज घोडेगावातून चालते. बुडालेल्या गावाची जमीन, झाडे, घरे यांची नोंद सरकारदरबारी होते, कारण भरपाई द्यायची असते. गावातल्या मुलांनी एकमेकांना काय दिले आणि काय घेतले याची नोंद कोणी करणार नसतो. ती करण्याचे काम असेल तर ते आमच्यासारख्यांचे आहे. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती, कुलपे जमवायला सुरुवात केली तेव्हाही ती जुनीपानी वस्तूच होती. पुढे तो संग्रह राज्य शासनाकडे गेला आणि आज आपण पाहुण्यांना तो अभिमानाने दाखवतो. कोणत्या वस्तूला अडगळ म्हणायचे हे ठरवण्यात मागची पिढी अनेकदा चुकलेली आहे. आमच्या पिढीने तीच चूक करण्याचे कारण नाही.

यावर 'हे स्मरणरंजन आहे' असे म्हणणे सोपे आहे. स्मरणरंजनाला गेलेला काळ परत हवा असतो. आम्हाला तो नको आहे; त्या काळातली मुलींची हकालपट्टी नको, मोठ्यांची दांडगाई नको, चार चित्रांसाठी दुकानाच्या पायरीवर ताटकळणेही नको. आम्हाला त्यातली एक रीत पुढे न्यायची आहे, आणि ती पुढे नेता येते याचा पुरावा आजही शाळांच्या व्हरांड्यात दिसतो. कितीही पाकिटे विकली गेली तरी डबल निघतेच आणि दोन मुले भिंतीच्या आडोशाला बसून बुमराहच्या बदल्यात जडेजा मागतातच. आता त्यांत मुलीही असतात. त्यांना थांबवणारे बाहेरचे कोणी नसते, आपणच असतो: कार्डे जप्त करणारा शिक्षक, 'बदलून कशाला, नवे घेऊन देतो' म्हणणारा पालक आणि यात अभ्यासण्याजोगे काय आहे असे विचारणारा विभागप्रमुख.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. पालकांनी संपूर्ण संच विकत आणून देऊ नये. मुलाला अपुऱ्या अल्बमचा त्रास होऊ द्यावा, कारण तो त्रास त्याला दुसऱ्यांच्या दारी नेतो. जमवणाऱ्याने प्रत्येक कार्डाच्या मागे ते कोणाकडून आणि कशाच्या बदल्यात आले हे लिहावे. बाजारात त्या कार्डाचा भाव त्यामुळे घटेल, आणि तो घटावा. महाविद्यालयांनी स्नेहसंमेलनात एक दिवस अदलाबदलीसाठी ठेवावा आणि त्या दिवशी त्या खोलीत पैशाला बंदी असावी, करवंदे चालतील. आणि मराठीच्या विभागांनी अशा कथनांचे संकलन पदव्युत्तर प्रकल्प म्हणून मान्य करावे. ज्यांना आजही यात साहित्य दिसत नाही त्यांनी एकदा मंचरच्या किंवा ओतूरच्या बाजारात कोणत्याही चाळिशीतल्या माणसाला त्याचा सर्वांत अवघड सौदा कोणता होता एवढेच विचारून पाहावे, आणि मग पुढचा अर्धा तास मध्ये न बोलता ऐकावे.